ओव्हनमधला मासा पाणी सोडतो, कोरडा पडतो, ट्रेला चिकटतो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

कामाच्या दिवशी रात्रीचं जेवण म्हणून ओव्हनमधला मासा मला सगळ्यात सोयीचा वाटतो, कापाकापी फार नाही, गॅससमोर उभं राहून परतायचं नाही, ट्रे आत सरकवला की हात मोकळे. पण हा प्रकार हौसेने सुरू करणारे बरेच जण थोड्याच दिवसांत सोडून देतात आणि कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "पाणीच खूप सुटतं गं" नाहीतर "कोरडा ठक्क होतो". हा घोळ मी इतक्या जणांच्या किचनमध्ये उभं राहून सोडवलाय की आता फोनवर दोन प्रश्न विचारले तरी कुठे अडलंय ते कळतं, म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

पाणी सुटणं आणि कोरडा पडणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण बहुतेक वेळा तो एकच बिघाड असतो. माशाच्या अंगावर पाणी असतं म्हणून वरून रंग येत नाही, रंग येत नाही म्हणून आपल्याला तो कच्चा वाटतो आणि आपण "अजून पाच मिनिटं" ठेवतो, आणि त्या पाच मिनिटांत आतला रस पिळून बाहेर येतो. मग ट्रेमध्ये पाणी आणि ताटात कोरडा मासा, दोन्ही एकदम. हे चक्र जिथे तुटेल तिथे अर्ध्याहून जास्त तक्रारी संपतात, आणि त्यासाठी खर्च शून्य.

आधी लक्षणं

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते बघा, म्हणजे कुठल्या तपासणीवर जास्त लक्ष द्यायचं ते कळेल.

- ट्रेमध्ये पाणी साचलंय, मासा त्यात बसलाय, वरून फिकट आणि ओलसर: तपासणी १, २, नंतर ६ आणि ७.
- आतून कोरडा, दाताखाली दोऱ्या दोऱ्या लागतात: ३.
- एक टोक सुकलेलं आणि मधला भाग अजून कच्चट: ४.
- वर पांढऱ्या गुठळ्या आल्यात, दूध फाटल्यासारख्या: ३ आणि ५.
- पोत भुसभुशीत किंवा चक्क लगदा: ५, ६, आणि शेवटी १०.
- उचलताना तुटतो, कातडी ट्रेलाच राहते: ८.
- सगळं नीट करूनही दर वेळी वेगळाच निकाल, कधी जळतो कधी कच्चा: ९.

क्रम स्वस्ताकडून महागाकडे लावलाय. लोक उलटं करतात, आधी ओव्हनला दोष देतात, नवीन घ्यायचा विचार करतात, आणि मासा टिपायचा मात्र राहूनच जातो.

१. मासा टिपून कोरडा केला का?

पाकिटातून काढला, धुतला, थेट ट्रेमध्ये, असं करत असाल तर इथेच थांबा. पाणी आहे तोवर तो पृष्ठभाग १०० डिग्रीच्या वर जातच नाही, आणि अन्नाला खरपूस रंग यायला साधारण १४० डिग्रीच्या आसपास जावं लागतं. म्हणजे ओव्हन २०० वर असला तरी वरचं पाणी उडून जाईपर्यंत मासा फक्त वाफवला जातोय.

किचन टिश्यू किंवा स्वच्छ सुती फडकं घ्या, तुकडा त्यावर ठेवा, वर दुसरं ठेवून तळहाताने दाबा, घासू नका, फक्त दाबा. फडकं उचललं की त्यावर माशाच्या आकाराचा ओला डाग दिसतो. आता कोरड्या भागावर परत तसंच. बाजू उलटा, परत. बाजूच्या कडा आणि कातडीच्या घड्या लोक विसरतात, तिथेच सगळ्यात जास्त पाणी असतं. डाग उमटायचा बंद झाला, बोट फिरवल्यावर घसरत नाही, किंचित चिकट लागतं, की मासा तयार. मग तेल लावा, आणि तेल ट्रेला नाही तर माशाला लावा, सगळीकडून, पातळ.

वेळ असेल तर टिपलेला मासा फ्रीजमध्ये उघडाच, जाळीवर किंवा ताटलीत, अर्धा तास ठेवा. फ्रीजची हवा कोरडी असते, वरचा थर अजून सुकतो. नसेल वेळ तर नुसतं टिपणंही पुरतं.

२. ट्रेमध्ये गर्दी, झाकण, भाज्या

तुकडे एकमेकांना चिकटून लावले की मधून निघणारी वाफ तिथेच कोंडते. दोन तुकड्यांत निदान दोन बोटं जागा हवी. उंच काठाचं भांडं असेल तर तेच होतं, म्हणून उथळ ट्रे बरा.

वरून फॉइल घट्ट लावलंय का? मग तो बेक होत नाहीये, वाफवतोय. वाफवलेला मासा वाईट नसतो, मला स्वतःला तो आवडतो, पुडी बांधून केला तर रसही आतच राहतो, पण मग खरपूस रंगाची अपेक्षा ठेवू नका. दोन्ही एकाच पुडीतून मिळत नाही.

आता भाज्या. एकाच ट्रेमध्ये सगळं जेवण हा बेत छान आहे पण त्यातच सगळ्यात जास्त गडबड होते. टोमॅटो, मशरूम, झुकिनी, कांदा या सगळ्या पाणी सोडणाऱ्या, आणि ते पाणी माशाखाली जातं. दुसरीकडे बटाटा आणि गाजर, यांच्या २ सेंमी फोडींना २०० डिग्रीला ३० ते ३५ मिनिटं लागतात, माशाला १२. दोन्ही एकत्र आत ढकलले तर एकाचा बळी जाणारच. उपाय सरळ आहे, भाज्या आधी आत, त्यांचं पाणी उडून कडा तांबूस व्हायला लागल्या की ट्रे बाहेर काढायचा, भाज्या बाजूला सारून जागा करायची आणि मासा ठेवायचा. भाज्या शिजताहेत तोवर मासा टिपून, तेल-मीठ लावून होतो, त्यामुळे वेळ वाया जात नाही. घाईच्या दिवशी मी भाज्याच अशा घेते ज्या माशाबरोबर १२ मिनिटांत होतात, शतावरीच्या बारीक कांड्या, कोवळ्या फरसबीच्या शेंगा, किंवा अगदी लहान तोडलेली ब्रोकोली, आणि त्याही आधी टिपूनच.

३. तुम्ही रंगाची वाट बघताय का?

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, त्यामुळे जरा सविस्तर.

माशाचं मांस चिकनसारखं नाही. स्नायूंचे धागे आखूड असतात, त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन थोडं आणि नाजूक असतं. साधारण ४० डिग्रीला प्रथिनं घट्ट व्हायला लागतात आणि मांस पारदर्शकाचं दुधाळ होत जातं, ५० ते ५५ च्या दरम्यान कोलॅजन विरघळायला लागतं आणि थर सुटे होतात, त्यालाच आपण पाकळ्या सुटल्या म्हणतो. ६० च्या पुढे धागे जोरात आवळतात आणि पाणी बाहेर ढकलतात. बघा, शिजण्यापासून कोरडा पडण्यापर्यंत सगळा खेळ जेमतेम दहा डिग्रीचा आहे. ओव्हन २०० वर असताना हे दहा डिग्री दोन-तीन मिनिटांत पार होतात. म्हणून "अजून पाच मिनिटं" हा माशाच्या बाबतीत फार मोठा वेळ आहे.

अंदाज असा धरा: २०० डिग्रीला दर १ सेंमी जाडीमागे ४ ते ५ मिनिटं. जाडी म्हणजे सगळ्यात जाड जागेची, लांबी आणि वजन काहीही असो. २.५ सेंमी जाड तुकडा असेल तर १० ते १२ मिनिटं, १.५ सेंमी असेल तर ६ ते ७. फिलेच्या, म्हणजे काटा काढलेल्या सपाट तुकड्याच्या, जाडीचा लोक विचारच करत नाहीत, रेसिपीत २० मिनिटं लिहिलंय म्हणून २० ठेवतात, आणि ती रेसिपी कदाचित दुप्पट जाड तुकड्याची असते. अख्खा मासा असेल तर पाठीकडची जाडी मोजा आणि थोडा जास्त वेळ द्या, कारण काट्याजवळ उष्णता पोचायला उशीर लागतो.

ठरलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी दार उघडून बघायचं. सुरीचं टोक किंवा काटा सगळ्यात जाड जागी हळूच घुसवा आणि थोडं फिरवा. थर सहज सुटत असतील आणि मध्यात किंचित ओलसर चमक असेल तर झालं. थर सुटायला विरोध करत असतील, मधलं मांस जेलीसारखं पारदर्शक दिसत असेल तर अजून दोन मिनिटं, पाच नाही. आणि हात लावायच्या आधीच थर कोरडे होऊन उघडे पडले असतील तर वेळ निघून गेलीय, तेव्हा सॉस किंवा लोणी घालून वाचवा आणि पुढच्या वेळी तीन मिनिटं कमी करा.

छोटा डिजिटल थर्मामीटर असेल तर हा सगळा अंदाजाचा कारभार संपतो, आणि या विषयात पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च हाच करा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, माशासाठी आतलं ६३ डिग्री तापमान सांगितलंय. बरेच स्वयंपाकी सॅमनसारखा तेलकट मासा ५२-५५ लाच काढतात कारण तिथे तो सगळ्यात रसाळ लागतो. पण घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर ६३ च्या खाली अजिबात नको, तिथे रसाळपणापेक्षा सुरक्षितपणा आधी. बाहेर काढल्यावरही जाड तुकडा आत दोन-तीन डिग्री चढतो, त्यामुळे ६० दिसलं की काढा आणि दोन-तीन मिनिटांनी परत सुई खुपसून ६३ झाल्याची खात्री करा. नाही झाले तर परत आत.

मग रंगाचं काय? रंग हवाच असेल तर तो वेगळ्या मार्गाने आणा. ब्रेडचा चुरा थोड्या तेलात तव्यावर आधीच तांबूस करून घ्या आणि मग माशावर थापा, कच्चा चुरा टाकून तो १२ मिनिटांत कुरकुरीत व्हायची वाट बघू नका, होत नाही. किंवा माशावर मेयोनीजचा पातळ हात फिरवा, त्यातल्या तेलाने आणि अंड्याने वर रंगही धरतो आणि मासा सुकतही नाही, माझा सगळ्यात आवडता उपाय हा. किंवा शेवटची दोन मिनिटं वरची ग्रिल कॉईल चालू करा, पण तेव्हा ओव्हनसमोरून हलू नका.

४. जाडी सारखी नाही

फिलेचं शेपटीकडचं टोक कागदासारखं पातळ आणि मधला भाग जाड, मग एका वेळेत दोन्ही कसे शिजणार? पातळ टोक खाली दुमडून घ्या म्हणजे जाडी सारखी होते, किंवा सरळ कापून वेगळं ठेवा आणि पाच मिनिटं उशिरा आत घाला. घरात सगळ्यांना वेगवेगळे तुकडे असतील तर जाड तुकडे आधी. बस एवढंच.

५. लिंबू आणि मीठ कधी लावलं?

चिकनची सवय म्हणून मासा सकाळीच लिंबू, व्हिनेगर किंवा दह्यात मुरवून ठेवणारे खूप आहेत. माशाला ते सोसत नाही. आंबटाने प्रथिनं आच न लागताच घट्ट होतात, मासा आधीच पांढरा पडतो, पाणी सोडतो आणि ओव्हनमध्ये गेल्यावर खडूसारखा किंवा भुसभुशीत होतो. लिंबू असलेलं मॅरिनेशन १५ ते २० मिनिटांच्या वर नको, आणि खरं सांगायचं तर लिंबू शिजल्यावर पिळणं हेच बरं. चव ताजी लागते आणि वासही दबतो, कारण माशाचा तो विशिष्ट वास ज्या अमाइन नावाच्या द्रव्यांमुळे येतो त्यांना आंबट बांधून टाकतं आणि ती हवेत कमी उडतात.

मिठाचं असं आहे की एक तर अगदी आत घालताना लावा, नाहीतर १५-२० मिनिटं आधी लावा आणि सुटलेलं पाणी परत टिपा. मधली वेळ सगळ्यात वाईट, मीठ लावून पाच-दहा मिनिटं ठेवलं आणि तसंच आत घातलं की मिठाने वर खेचलेलं सगळं पाणी ट्रेमध्ये उतरतं.

पांढऱ्या गुठळ्या म्हणजे माशातलंच प्रथिन, अल्ब्युमिन म्हणतात, आवळलेल्या धाग्यांतून बाहेर येऊन गोठतं. सॅमनवर जास्त दिसतं. खायला काही धोका नाही, पुसून टाका. कमी करायचं असेल तर १ लिटर थंड पाण्यात ५० ते ६० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात मासा १५ मिनिटं बुडवून ठेवा, मग नीट टिपा आणि वरून मीठ घालू नका. मिठाने वरच्या थरातली थोडी प्रथिनं सैल होतात, ती तेवढी आवळत नाहीत आणि पाणी धरून ठेवतात. भाज्या शिजेपर्यंत हे होऊन जातं. तरीही खूपच गुठळ्या येत असतील तर आच जास्त झालीय किंवा वेळ जास्त झालाय, परत ३ वर जा.

६. बर्फ कसा उतरवला?

फ्रीजरमधला मासा घाईच्या दिवसाचा आधार आहे, त्याला नावं ठेवू नका, फक्त बर्फ नीट उतरवायला हवा. ओट्यावर ठेवून उतरवला की बाहेरचा भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि आत बर्फच असतो, जंतूंना तेवढं पुरतं. गरम पाण्यात टाकला तर कडा शिजायला लागतात.

सगळ्यात चांगलं म्हणजे आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात, जाळीवर, खाली ताटली ठेवून, म्हणजे सुटलेलं पाणी माशापासून लांब राहतं. व्हॅक्यूम पाकीट असेल तर ते आधी फाडा किंवा मासा बाहेर काढून ठेवा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण हवा नसलेल्या पाकिटात बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणारा जंतू वाढू शकतो आणि त्याची काही माशांत सापडणारी जात फ्रीजच्या थंडीतही वाढते. रात्री विसरलात तर मासा घट्ट बंद पिशवीत घालून थंड पाण्यात ठेवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला, साधारण तासाभरात होतो, पण मग लगेच शिजवायचा, परत फ्रीजरमध्ये नाही.

तेवढाही वेळ नाही? पातळ फिले असेल तर गोठलेलाच घाला. वरचा बर्फ थंड पाण्याखाली धुवून काढा, टिपा, तेल लावा, नेहमीपेक्षा साधारण दीडपट वेळ द्या, आणि मीठ-मसाला चार-पाच मिनिटांनी वर पाणी सुटल्यावर टिपून मग लावा. एकच जपायचं, काचेचं भांडं आधी तापवून त्यात गोठलेला मासा टाकू नका, काच तडकते.

एकदा उतरवलेला मासा परत फ्रीजरमध्ये टाकला असेल तर पाणी सुटणारच. घरच्या फ्रीजरमध्ये गोठायला वेळ लागतो, बर्फाचे खडे मोठे होतात, पेशी फाटतात, आणि पुढच्या वेळी ते सगळं पाणी वाहून जातं. त्यावर ओव्हनमध्ये काही इलाज नाही, असा मासा रश्शात किंवा सूपमध्ये वापरा.

७. पाकिटावरची बारीक अक्षरं

इतकं सगळं करूनही एखाद्या ठरावीक पाकिटातला मासा दर वेळी ट्रेभर पाणी सोडत असेल, तर पाकीट उलटून वाचा. ग्लेझिंग लिहिलं असेल तर वजनात वरच्या बर्फाचा थर धरलेला असू शकतो, निव्वळ वजन वेगळं दिलंय का बघा. घटकांमध्ये मासा सोडून काही लिहिलंय का, विशेषतः फॉस्फेट, ट्रायफॉस्फेट किंवा ई ४५१? फॉस्फेटमुळे मांस जास्तीचं पाणी धरून ठेवतं आणि आच लागली की त्यातलं बरंच बाहेर येतं, पांढरट फेसाळ दिसतं. अशा माशाला मिठाच्या पाण्यात बुडवू नका, तो बऱ्याचदा आधीच खारट असतो. त्याला जाळीवर ठेवून बेक करा म्हणजे पाणी खाली पडेल, आणि पुढच्या वेळी ज्याच्या घटकांत फक्त मासा लिहिलाय तो आणा.

८. चिकटतो, तुटतो

ट्रेवर बेकिंग पेपर अंथरा, विषय संपला. नुसत्या फॉइलवर किंवा उघड्या धातूवर माशाची प्रथिनं धातूला धरतात. पेपर मेणाचा नाही ना ते बघा, मेणाचा धुरकटतो, आणि पाकिटावर किती डिग्रीपर्यंत चालतो ते वाचा, बऱ्याच पेपरांची मर्यादा २२० च्या आसपास असते. ग्रिल कॉईल लावायची असेल तर पेपर काढूनच, तो पेट घेऊ शकतो. कातडी असेल तर कातडी खाली, आणि ओव्हनमध्ये उलटायची गरज नसते. काढताना रुंद, पातळ उलथनं पूर्ण आत घालून एकदम उचला.

९. आता ओव्हन

इथपर्यंत सगळं तपासून झालं असेल तरच.

पहिलं, मोड. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवेने भाजायची सोय, असेल तर खरंच कन्व्हेक्शन मोड लागलाय का बघा, घाईत मायक्रो किंवा कॉम्बी मोड राहतो आणि मासा आतून उकडल्यासारखा होतो. छोट्या ओव्हनमध्ये वरची आणि खालची दोन्ही कॉईल चालू आहेत ना? पंखा चालू असेल तर तापमान साधारण २० डिग्री कमी लावा.

दुसरं, प्रीहीट. दिवा विझला किंवा बीप वाजली म्हणजे आतली हवा तापली, भिंती आणि तळ अजून तापायचे असतात. दार उघडलं की ती हवा बाहेर, आणि मासा कोमट ओव्हनमध्ये हळूहळू पाणी सोडत बसतो. बीपनंतर अजून दहा मिनिटं द्या. ट्रे मधल्या खणात, आणि दार सारखं उघडू नका.

तिसरं, तापमान खरं आहे का. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो मधल्या खणात मध्यभागी ठेवा, १८० लावा, अर्धा तास जाऊ द्या आणि मग दर दहा मिनिटांनी तीन-चार वेळा आकडा लिहून घ्या. एका आकड्यावर जाऊ नका, थर्मोस्टॅट कॉईल चालू-बंद करत राहतो त्यामुळे तापमान वरखाली होतच असतं, सरासरी बघा. सरासरी १०-१५ डिग्रीने इकडे तिकडे असेल तर ते घरगुती ओव्हनमध्ये नेहमीचंच, तेवढा फरक धरून लावा. दाराचं रबर कडक झालंय, फाटलंय का तेही हात फिरवून बघा, ओव्हन थंड असताना. बऱ्याच मॉडेलांत ते अडकवायचं असतं, घरी बदलता येतं.

१०. मासाच तसा आहे

कधी कधी सगळं बरोबर असतं आणि तरी मासा अक्षरशः पेस्ट होतो, चमच्याने उचलावा लागतो. काही समुद्री माशांत कुडोआ नावाचा सूक्ष्म परजीवी असतो, त्याच्या एन्झाइममुळे मासा मेल्यानंतर मांस विरघळत जातं आणि मंद आचेवर ते अजून वेगाने होतं. तो तुमच्या हातचा दोष नाही. असा मासा खाऊ नका, फोटो काढा आणि जिथून आणला तिथे दाखवा.

इथे थांबा

माशाला कच्चा असतानाच अमोनियासारखा झणझणीत वास येत असेल, अंग चिकट-बुळबुळीत असेल, तर धुवून, लिंबू लावून वाचवायचा प्रयत्न करू नका, टाकून द्या. ट्यूना, मॅकेरल, सार्डिन, माही-माही असे मासे जास्त वेळ थंडीबाहेर राहिले तर त्यांत हिस्टामिन नावाचं त्रास देणारं द्रव्य तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. घास तिखट, जिभेला झोंबणारा किंवा धातूसारखा लागला तर तिथेच ताट बाजूला करा. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पुरळ, मळमळ झाली तर डॉक्टरांना फोन करा आणि मासा खाल्ल्याचं सांगा. घसा किंवा ओठ सुजले, श्वास लागला, तर फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल.

ओव्हनच्या बाबतीत, सरासरी तापमान २५-३० डिग्रीच्या वर चुकत असेल, किंवा दर वेळी वेगळंच येत असेल, तर थर्मोस्टॅट किंवा सेन्सर गेलाय, टेक्निशियनला बोलवा. कॉईल एका जागी काळी पडलीय, फुगलीय, चालू केल्यावर अर्धीच लाल होते, ओव्हन लावला की एमसीबी पडतो, बाहेरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, जळकट प्लास्टिकचा वास येतो, यातलं काहीही असेल तर प्लग काढा आणि परत लावून बघू नका. मागचं झाकण स्वतः उघडू नका, आणि मायक्रोवेव्ह असेल तर अजिबातच नाही, त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा शॉक देऊ शकतो.

गॅसच्या ओव्हनमध्ये ज्योत निळीऐवजी पिवळी, वर काजळी, किंवा पेटायला उशीर लागतोय असं असेल तर वापर बंद करून मेकॅनिकला दाखवा, अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो. गॅसचा वास आला तर जमलं तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि बाहेरूनच फोन करा.

टेक्निशियन येईल तेव्हा ते थर्मामीटरचे लिहून ठेवलेले आकडे त्याच्या हातात द्या, किती डिग्रीला लावलं होतं, कितव्या मिनिटाला किती दिसलं, कुठला मोड होता. "नीट भाजत नाही" एवढंच सांगितलं तर तो पाच मिनिटं चालू करून, कॉईल लाल झालेली बघून "ठीक आहे" म्हणून निघून जाऊ शकतो, आकडे समोर असले की थेट थर्मोस्टॅट तपासतो.